गंगा, गोदा, गौतमी

गोदावरी हे मुलीचे नाव पाच-सहा दशकांपूर्वीपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांत सहज ऐकू येई. हे नाव नदीचे आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. पण त्याचा अर्थ काय, ते बाईचे नाव कधी झाले आणि त्याच काठावर त्याहूनही जास्त ऐकू येणाऱ्या 'गंगा' या नावाशी त्याचे नाते काय, हे क्वचितच सांगितले जाते.

शब्दाची फोड आधी पाहू. संस्कृत 'गो' म्हणजे गाय. जुन्या कोशांत या शब्दाला पाणी, भूमी आणि किरण हेही अर्थ दिलेले आहेत. 'दा' म्हणजे देणे. पाणिनीच्या व्याकरणात धातूला 'वन्' असा प्रत्यय लागून शब्द तयार होतात आणि त्यांचे स्त्रीलिंग करताना शेवटच्या 'न'चा 'र' होऊन पुढे 'ई' येते. पीवन्‌चे पीवरी होते ते याच रीतीने. तसेच देणारा तो 'दावन्' आणि देणारी ती 'दावरी'. म्हणून गोदावरी म्हणजे गायी देणारी किंवा पाणी देणारी. जनावर आणि पाणी या दोन गोष्टींवर ज्या मुलखाची शेती उभी आहे, तिथे या दोन अर्थांपैकी एक निवडायची गरज पडत नाही. आजच्या वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे शर्वरी. अलीकडे पुण्या-मुंबईत आवडीने ठेवले जाणारे हे नाव वैयाकरणांनी याच नियमाखाली दिलेले आहे. गोदावरी जुनाट आणि शर्वरी आधुनिक वाटते खरी, पण दोघी एकाच साच्यातल्या.

बोलताना मात्र लोक हा शब्द 'गो' आणि 'दावरी' असा तोडत नाहीत. 'गोदा' आणि 'वरी' असा तोडतात आणि पुढचा अर्धा भाग टाकून देतात. गोदा, गोदू, गोदाबाई, गोदाक्का, गोदामाय ही सगळी घरगुती रूपे त्यातून आली. गोदाकाठ, गोदातीर हे शब्दही तसेच. इतकेच नव्हे, शिवकाळात पुरंदरच्या परिसरात लढलेल्या गोदाजी जगताप यांच्या नावात तोच 'गोदा' पुरुषाच्याही वाट्याला आलेला दिसतो.

व्याकरणाने दिलेला अर्थ नीटनेटका असला तरी नदीच्या नावाची सर्वांत जुनी रूपे त्याला पूर्ण साथ देत नाहीत. पाली भाषेतल्या सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. अस्सक आणि अळक या मुलखांच्या हद्दीवर, नदीच्या काठी तो राहतो. त्याचे शिष्य बुद्धाच्या भेटीला निघतात तेव्हा त्यांच्या वाटेत आधी पतिठ्ठान, म्हणजे आजचे पैठण, लागते. तिथे नदीचे नाव 'गोधावरी' असे, 'ध' घेऊन आलेले आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, हीच नदी बहुतेक वेळा 'गोला' असते. त्या गाथांत गोलेच्या काठी शेते आहेत, पुराचे दिवस आहेत आणि संकेतस्थळी वाट पाहणाऱ्या तरुणी आहेत. गोधावरी, गोला आणि गोदावरी ही तिन्ही रूपे शेजारी ठेवली की एक गोष्ट मानावीशी वाटते: लोकांच्या तोंडी नाव आधीपासून होते आणि गायीचे दान त्यात नंतर वाचले गेले.

गायीची कथा पुराणांनी सांगितली. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात गौतम ऋषींच्या हातून, ब्रह्मगिरीवरच्या त्यांच्या आश्रमात, एक गाय दगावते. पातक धुण्यासाठी ते शंकराच्या जटेतून गंगा मागून घेतात आणि ती ब्रह्मगिरीवर उतरते. गौतमांनी आणली म्हणून ती गौतमी आणि मूळची गंगा म्हणून दक्षिणगंगा. त्र्यंबकेश्वरजवळच्या याच डोंगरात उगम पावणारी नदी 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. या एका कथेने पुढच्या पिढ्यांतल्या मुलींना तीन नावे पुरवली: गोदावरी, गौतमी आणि गंगा.

यातले तिसरे नाव समजून घ्यायला परभणी जिल्ह्यातला सोनपेठ तालुका चांगला. हा तालुका गोदावरीच्या दक्षिण अंगाला आहे. पलीकडच्या बाजूला पाथरी आणि मानवत. इथल्या बोलण्यात गोदावरी हा शब्द फारसा येतच नाही. लोक 'गंगेला' जातात. पावसाळ्यात 'गंगेला पाणी आलं' असे म्हणतात, काठाच्या पट्ट्याला गंगथडी म्हणतात. गावांची नावेही हेच सांगतात. तालुक्यात गंगापिंपरी आहे. खाली पूर्वेला संत जनाबाईंचे गंगाखेड आहे, वर पश्चिमेला बीड जिल्ह्यात गंगामसला आहे. त्याहून वर गेले तर नाशिकचे गंगापूर धरण आणि तिथला गंगाघाट. यातल्या एकाही गावाजवळ हिमालयातून आलेली गंगा नाही. महानुभावांच्या जुन्या मराठी ग्रंथांतही 'गंगातीर' म्हणजे गोदावरीचा काठ. म्हणजे ही बोलण्याची रीत किमान सातशे वर्षे जुनी आहे.

याचा सरळ परिणाम मुलींच्या नावावर होतो. सोनपेठच्या एखाद्या जुन्या घरातल्या गंगाबाईच्या नावाचा अर्थ नावांच्या पुस्तकात 'भारतातील पवित्र नदी, भागीरथी' असा दिलेला असेल. तो चूक नाही, पण तिच्या घरच्यांच्या मनात तो क्वचितच असतो. त्यांच्या मनात असते ती शिवारापलीकडची नदी, जिच्यावर गुरे पाण्याला नेतात, अधिकात नहायला जातात आणि जिच्या पाण्याची कावड गावच्या देवाला येते. गंगूबाई, गंगाबाई, गंगामाय ही नावे या पट्ट्यात गोदावरीचीच रूपे आहेत. एकाच गावातल्या गोदाबाई आणि गंगूबाई या दोघी अर्थाने एकाच नावाच्या बाया ठरतात.

सोनपेठजवळून वाहणारी वाण नदी गोदावरीच्या खोऱ्यातलीच. वाणीसंगम या गावाच्या नावातच तो संगम आहे. पण वाणेचे नाव कोणी मुलीला ठेवत नाही, दुधनेचेही नाही. नदी मुलीचे नाव व्हायला तिच्यात पाणी असणे पुरत नाही. तिला माहात्म्य लागते, यात्रा लागते, काठावर क्षेत्र लागते. महाराष्ट्रातल्या नदीनावांच्या बाया आठवून पाहिल्या तर गोदा, गंगा, यमुना, कृष्णा, भीमा, नर्मदा, तापी, कावेरी, सिंधू, सरस्वती, चंद्रभागा, इंद्रायणी अशी यादी होते, आणि ती बरीचशी तीर्थांचीच यादी असते. चंद्रभागेची भागाबाई होते, यमुनेची यमू किंवा जमनाबाई, सरस्वतीची सरू.

या सगळ्या यादीला धर्मशास्त्राची मान्यता नव्हती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. मनुस्मृतीत मुलीच्या नावाबद्दल दोन ठिकाणी सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव कसे असावे ते येते: उच्चारायला सोपे, कानाला न टोचणारे, अर्थ उघड असलेले, मंगल, आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले. गोदावरी, गंगा, यमुना या कसोटीला पुरेपूर उतरतात. पण तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कोणती मुलगी टाळावी याची यादी आहे आणि तिच्यात नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, डोंगराचे, पक्ष्याचे, सापाचे नाव असलेली मुलगी आहे. हा नियम पाळला असता तर महाराष्ट्रातल्या रेवती, तुळसा, गोदावरी, मैना या सगळ्यांची लग्ने अडली असती. तसे कधी झाले नाही. ज्या घरांत पोथ्या वाचल्या जात, त्या घरांतही गोदू आणि यमू वाढल्या, नांदल्या. नावांच्या बाबतीत लोकांनी स्मृती बाजूला ठेवली आणि नदीला जवळ केले. मराठी नामकरणाच्या इतिहासातली ही एक मोठी आणि फार न बोलली गेलेली गोष्ट आहे.

नदीला एवढे जवळ का केले, त्याचे उत्तर नदीकडे पाहण्याच्या रीतीत आहे. मराठीत नदी ही बाई आहे. तिला माय म्हणतात. पहिला मोठा पूर आला की काठच्या बाया तिची ओटी भरतात: खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ किंवा गहू, बांगड्या. एखादी हिरवे लुगडे सोडते. सवाशिणीला जे द्यायचे ते सगळे तिला दिले जाते. ॲन फेल्डहाउस या अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या नद्यांविषयी 1995 साली एक पूर्ण पुस्तक लिहिले. नदी आणि बाईपण यांचे नाते हाच त्याचा विषय. नदी इथे सुवासिनी आहे, लेकुरवाळी आहे, समृद्धीची आहे, आणि मुलीला नदीचे नाव ठेवताना घरच्यांना यातलेच काही तिच्या वाट्याला यावे असे वाटत असते.

प्रत्यक्ष नाव ठेवले जाते ते बारशाला. पाळणा बांधलेला असतो, बाळाला वर-खाली करून बाया एकमेकींच्या हाती देतात, मग आत्या वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेते, नाव सांगते आणि 'कुर्र' करते. त्याच क्षणी मागच्या बायांचे धपाटे तिच्या पाठीवर पडतात. हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या जातात. नाव कोणते, हे बहुधा आधीच ठरलेले असते. कधी वारलेल्या आजीचे नाव पुढे चालवायचे असते, कधी नदीला नवस बोललेला असतो. कधी पंचांगाने अक्षर काढून दिलेले असते. पंचांगातल्या अवकहडा चक्रात शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर 'गो' आहे आणि धनिष्ठेच्या पहिल्या चरणाचे 'गा'. म्हणून शततारकेच्या पहिल्या चरणावर मुलगी झाली की 'गो'वरून सुचणाऱ्या थोड्या नावांत गोदावरी पहिली असे. त्या नक्षत्राची रास कुंभ, म्हणजे पाण्याची घागर, हा योगायोगही सुंदर आहे.

बारशाला ठेवलेले पूर्ण नाव त्यानंतर फार वेळा उच्चारले जात नाही. आई हाक मारते ती 'गोदे' किंवा 'गंगे'. लहान भावंडांसाठी ती अक्का होते, नणंदेसाठी वहिनी, नातवंडांसाठी मोठी माय. 'गोदावरी' हे चार अक्षरी साधे नाव, तेही शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि मतदार यादीतच पूर्ण राहते, आणि यादीतही त्याला शेवटी 'बाई' चिकटते.

'गोदा' हे दोन अक्षरी नाव दक्षिणेतही आहे, पण ते दुसऱ्या वाटेने आले. तमिळ वैष्णव संतकवयित्री आंडाळ हिचे नाव कोदै. तमिळमध्ये कोदै म्हणजे फुलांची माळ. देवासाठी गुंफलेली माळ आधी स्वतः घालून पाहणारी म्हणून श्रीविल्लिपुत्तूरची ही मुलगी प्रसिद्ध आहे. कोदै या नावाचे संस्कृत रूप करताना गोदा झाले आणि वैष्णव देवळांत तिला गोदादेवी म्हणू लागले. तमिळ किंवा तेलुगू घरातल्या गोदाचा अर्थ त्यामुळे माळेशी आणि आंडाळशी जोडलेला असू शकतो. सोनपेठच्या गोदेचा तसा नाही.

महाराष्ट्रात बाईचे नाव जन्मभर तेच राहील याची खात्री नसे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहितो. त्या तांदळांत कितीतरी गोदावऱ्या पुसल्या गेल्या. त्यातली एक सर्वांना ठाऊक आहे, पण गोदावरी म्हणून नाही. कोकणातल्या जोशी घराण्यातली गोदूबाई लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तिथे शिकायला आलेली ती पहिली विधवा. 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि तिचे नाव आनंदी ठेवले गेले. पुढे ती बाया कर्वे म्हणून ओळखली गेली; 'माझे पुराण' हे तिचे आत्मचरित्र. त्या काळात विधवेचे पुन्हा लग्न लागणे हीच एवढी मोठी गोष्ट होती, की त्यात एक गोदू हरवली याची नोंद घ्यायला कोणाला सवड नव्हती. तरी ती घ्यायला हवी.

नदीचे नाव विधवांना आणखी एका रीतीने चिकटले होते. सवाष्ण बाईच्या नावापुढे 'सौ.' आणि विधवेच्या नावापुढे 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, अशी लग्नपत्रिकांची जुनी पद्धत. बारशाला जी गंगा भरभराटीची म्हणून कानात सांगितली, तीच नवरा गेल्यावर वेगळेपणाची खूण म्हणून नावापुढे लागे. एकाच शब्दाची ही दोन टोके क्लेशदायक आहेत. 2023 च्या एप्रिलमध्ये राज्यात विधवांसाठी हेच शब्द वापरण्याचा प्रस्ताव चर्चेत आला, तेव्हा त्यावर जोरदार टीका झाली ती याच कारणाने.

नाव न बदलता ते मोठे करणारी गोदावरीही महाराष्ट्राने पाहिली. 14 ऑगस्ट 1907 रोजी पुण्यात गोखले घराण्यात जन्मलेल्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. 1945 पासून त्यांनी डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागातल्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. लग्नाच्या कर्जापोटी जन्मभर राबणारा वारली 'लग्नगडी' म्हणवला जाई. तो प्रकार या लढ्याने मोडला. त्या लढ्याची हकिगत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आणि त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली त्यांना गोदाराणी म्हणत, कार्यकर्ते गोदूताई. सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार बायांसाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. 2006 साली त्या घरांचा ताबा मिळाला तेव्हा वसाहतीला नाव होते ते त्यांचेच. घरात लाडाने तोडलेले 'गोदू' हे रूप असे हजारो घरांच्या पत्त्यावर गेले.

नदी आणि मुलगी एकाच नावाने ओळखल्या जाणे ही केवळ इथली रीत नाही. युक्रेनमध्ये कीव शहराच्या स्थापनेची गोष्ट तीन भाऊ आणि एक बहीण यांची आहे: की, श्चेक, खोरीव आणि बहीण लीबिद. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रूस बखरीत ही गोष्ट येते. थोरल्या भावाचे नाव शहराला मिळाले, धाकट्या दोघांची नावे टेकड्यांना आणि बहिणीचे नाव नदीला. युक्रेनी भाषेत राजहंसाला 'लेबिद' म्हणतात, म्हणून लीबिद या नावातही हंस ऐकू येतो. लीबिद नदी कीवमधून वाहत द्नीप्रो या मोठ्या नदीला मिळते. आता तिचा बराचसा प्रवाह काँक्रीटच्या पाटातून आणि जमिनीखालून जातो. 1982 साली द्नीप्रोच्या काठावर या चौघांचे स्मारक उभारले. त्यात भाऊ नावेत आहेत आणि लीबिद नावेच्या टोकाशी उभी आहे.

त्या मुलखातल्या नद्यांच्या नावांत मराठी वाचकाला ओळखीचे काही सापडते. द्नीप्रो, द्निस्टर, डॉन आणि डॅन्यूब या नावांत एक जुना शब्द लपलेला आहे, 'दानु'. इराणी भाषा बोलणाऱ्या जमातींत त्याचा अर्थ नदी. वेदांतही दानु हा शब्द आहे; तिथे त्याचा अर्थ थेंब, ओघळ असा होतो, आणि वृत्राच्या आईचे नावही दानु आहे. पाण्याचा शब्द आणि बाईचे नाव एकत्र येण्याची ही खूण ऋग्वेदाइतकी जुनी आहे.

सोनपेठच्या बाजूला गोदावरी हे नाव आता नव्या मुलींना क्वचित ठेवले जाते. संगीता, सुनीता, अनिता यांची लाट आली तेव्हाच ते मागे पडले. गंगाही मागे पडली, पण जान्हवी होऊन परत आली. जान्हवी हे गंगेचेच नाव. नर्मदा परत आली रेवा म्हणून. गोदावरीने परत यायला निवडलेले रूप म्हणजे गौतमी. हे नाव गेल्या काही दशकांत मराठी घरांत बरेच रुळले आहे. गौतमीला आणखीही मुळे आहेत. बुद्धाला वाढवणारी मावशी महाप्रजापती गौतमी, म्हणून बौद्ध घरांत ते आदराने ठेवले जाते. सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा मोठा शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे आणि तिच्या मुलाने स्वतःला गौतमीपुत्र म्हणवून घेतले. तिथे गौतमी हे गोत्रावरून आलेले नाव. म्हणून एखाद्या गौतमीच्या नावात नदी आहे, बुद्धाची मावशी आहे की राजमाता, हे तिच्या घरीच विचारावे लागते. पण सोनपेठच्या गंगथडीला एखाद्या घरच्या रेशन कार्डावर आजी गोदावरीबाई, चुलत आजी गंगूबाई आणि नात गौतमी अशी नावे एकाखाली एक आली, तर त्या तिघींना पाणी एकाच नदीचे आहे.